बाळंतिणीची उदासी : घरच्यांनी या चुका टाळा

सांगली-तासगावकडं पहिलं बाळंतपण माहेरीच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक, धुरी, सगळं वेळच्या वेळी होतं. तिला कसं वाटतंय, एवढं मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर, "दूध येतंय ना पुरेसं?"

पहिली चूक दिवसांकडं लक्ष न ठेवण्याची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं, चिडचिड होणं बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढंही रडणं थांबत नसेल, बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नसेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ते पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होतं. आशाताईंच्या बाळंतपणानंतरच्या लागोपाठच्या भेटी बेचाळिसाव्या दिवशी संपतात, पुढं लेक सासरी जाते, आणि नेमकं तिथंच लक्ष सुटतं. लाडवांचा डबा देताना जावयाला सांगा, ती रात्र-रात्र जागी असते म्हणून. झाकून ठेवू नका.

"आम्ही नाही का पाच-पाच पोरं वाढवली?" हे ऐकलं की ती बोलायचीच बंद होते. त्यापेक्षा नवऱ्यानं रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर सांभाळावं. तिला सलग चार तास झोप मिळते.

"अंगावर पाजतेय, मग गोळ्या कशाला?" सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं डॉक्टर स्तनपान चालू असतानाही देतात. गुण यायला काही आठवडे लागतात. परस्पर बंद करू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक. झोप उडाली, कानात आवाज येतात, बाळाबद्दल भलतेच संशय घेते, आणि घरचे 'बाहेरचं' म्हणून देवऋष्याकडं नेतात. हा गंभीर मानसिक आजार हजारात एक-दोघींना होतो. दृष्ट काढायची तर काढा, पण गाडी दारात उभी करून. अशा वेळी किंवा जीव द्यायची भाषा केली तर तिला एकटी ठेवू नका, बाळाजवळ कुणीतरी थांबा आणि त्याच दिवशी सिव्हिल गाठा, नाहीतर १०८ ला फोन लावा. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. मराठीत बोलता येतं, आणि फोन घरच्या कुणीही लावला तरी चालतो.