शक्तीवाल्या पोरीची कादंबरी लिहायचीये? आधी घागरीचा हिशोब करा

किशोरवयीन मुलांसाठी सायन्स फिक्शन लिहायचं, पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं घ्यायचं, त्याला काहीतरी शक्ती द्यायची, इथपर्यंत बरेच जण येतात आणि मग पहिल्याच पानावर ते पोरगं मुंबईच्या कुठल्यातरी टॉवरच्या गच्चीवर जाऊन उभं राहतं. माझंही राहिलं होतं. तीन प्रकरणं झाल्यावर भाचीला वाचायला दिली, नववीत आहे ती, चार पानं वाचून तिने विचारलं, "मामा, ह्याच्या घरी नळ कितव्या दिवशी येतो?" मी ती तिन्ही प्रकरणं बाजूला ठेवली. आमच्याकडे उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळाची वाट बघतात, आणि जिला हे रोज दिसतं तिला आकाशात उडणाऱ्या पोराचं काय पडलंय.

म्हणून पहिलं काम हे, की शक्ती आपल्या गावात ज्याची टंचाई आहे त्यातून काढायची. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी बारा ते चार गल्लीत कुत्रंही दिसत नाही, कूलरमध्ये ओतायला पाणी नसतं. मग माझ्या नायिकेला काय आलं पाहिजे? हात लावला की पाणी थंड. बस एवढंच. ऐकायला किरकोळ वाटतं पण अमळनेरजवळच्या एखाद्या खेड्यात ही पोरगी आहे असं धरा आणि बघा पहिल्या आठवड्यात दारात किती लोक तांबे घेऊन उभे राहतात ते.

आता दुसरं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शक्तीचा हिशोब मांडा, खरोखर वही-पेन घेऊन. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती फक्त जागा किंवा रूप बदलते, हे शाळेच्या पुस्तकात आहे. मग पाण्यातली उष्णता गेली कुठे? पोरीच्या अंगात. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते, थंड करायचं तर तेवढीच काढायला लागते. घरातलं पाणी मे महिन्यात ४० अंश धरा, ते १५ वर आणायचं म्हणजे लिटरमागे २५ किलोकॅलरी. पोरगी ४२ किलोची, तिचं अंग १ अंश सेल्सिअसने तापायला साधारण ३५ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे एक लिटर थंड केलं की पाऊण अंशाच्या आसपास ताप, आपल्या घरच्या फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर सव्वा डिग्री. तीन लिटरला १०२ च्या वर. पाच लिटरला १०५. आणि भरलेली दहा लिटरची घागर तिने एका दमात थंड केली तर ती जगणार नाही.

हे गणित मी मांडलं त्या रात्री मला झोप नाही आली, कारण कादंबरी त्यात आपोआप बसली होती. व्हिलन शोधायची गरजच उरली नाही. तहानलेला शेजारी, आजारी मोठी माय, लग्नाच्या मांडवात पाण्याचे जार पुरवणारा ज्याचा धंदा बसतोय, सभेला पोरीला स्टेजवर बसवायला निघालेला पुढारी, ह्यातला एकही माणूस वाईट असायची गरज नाही, प्रत्येकाला फक्त अजून एक तांब्या पाहिजे. आणि प्रत्येक तांब्याचा ताप तिच्या अंगात.

हिशोब अजून पुढे न्या, तिथे खरी गंमत आहे. अंगातली उष्णता घामाने बाहेर पडते, १ लिटर घाम वाळला की साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणजे एका लिटर पाण्याचा ताप उतरायला ४०-४५ मिली घाम पुरतो. पण घाम वाळला तर! मे महिन्यात आमची हवा कोरडी, घाम लगेच वाळतो, पोरगी तासाभरात ठीक होईल. श्रावणात हवा दमट, घाम नुसता निथळतो, वाळत नाही, ताप अंगातच राहतो. म्हणजे जी शक्ती उन्हाळ्यात चालली तीच पावसाळ्यात जिवावर येणार, आणि हे तिला माहीत नाही, वाचकाला हळूहळू कळायला लागतं.

त्यामुळे कथेचं कॅलेंडरही तयार मिळतं. सुरुवात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला करा. पितरांची घागर भरायची असते, पोरगी ती उचलायला हात लावते, आत पाच-सहा लिटरच पाणी आहे, आणि बाहेरून घागरीला दव धरतं. हा सीन घाई न करता लिहा. आधी घागरीचा गारवा बोटांना, मग तळहाताला, मग घागरीवर थेंब, वर ठेवलेलं खरबूज ओलं झालंय, आणि तिच्या कानशिलातून वाफा निघाल्यासारख्या. थोड्याच वेळात ती तापाने फणफणते, घरचे म्हणतात ऊन लागलं, कैरीचं पन्हं पाजतात, कांदा चोळतात. कुणालाच संशय नाही. आणि शेवटाकडे कानबाईचे रोट, म्हणजे आमच्या कानबाई देवीचा सण ठेवा, नागपंचमीनंतरचा रविवार, सुरतपुण्याहून सगळी भाऊबंदकी आलेली, घरात पन्नास माणसं, बाहेर चिकचिक, आणि सगळ्यांना माहिती झालंय की ही पाणी थंड करते.

शक्ती आली कुठून ह्यावर फार पानं घालवू नका. मला एकाने सुचवलं की केळीत रेडिएशन असतं, जळगावची पोरगी आहे, केळीतून शक्ती आली दाखव. केळीत पोटॅशियम-४० हे किरणोत्सर्गी द्रव्य असतं हे खरं, पण एका केळातून मिळणारा डोस ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, त्याच्या कितीतरी पट आपल्याला रोज जमिनीतून आणि आकाशातून मिळतो, मग तर केळी पिकवणारं सगळं रावेर-यावल उडायला पाहिजे होतं. दुसऱ्याने पाटण्याच्या शिलालेखाचं सांगितलं. चाळीसगावजवळच्या त्या लेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्या मठाला दान मिळालं असं आहे. गुप्त विद्या वगैरे काही नाही, आणि आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायला दान मिळत होतं ही गोष्टच मला जास्त भारी वाटते, तिच्यावर खोटं चढवू नका. पोरीला शाळेच्या सहलीत तिथे न्यायचं तर जरूर न्या, ती लेखासमोर उभी राहून वहीत स्वतःच्या तापाचा हिशोब मांडतेय असं दाखवा.

भाषेचं सांगतो. निवेदन साध्या मराठीत ठेवा, बोलणं तिथलं. अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, यावल-भुसावळकडे लेवा गणबोली, सातपुड्यात गेलात की पावरी आणि भिलीच्या बोली, हे एकमेकांत मिसळू नका, तिथल्या वाचकाला एका ओळीत कळतं. "आंडेर, पानी इतलं थंड कसं वं?" एवढं एक वाक्य मोठ्या मायच्या तोंडी आलं की घर उभं राहतं. "मोठी माय, माले काय माहीत." अर्थ कंसात देऊ नका, संदर्भातून समजतो. आणि जी बोली स्वतः बोलत नसाल ती बोलणाऱ्या माणसाकडून प्रत्येक संवाद वाचून घ्या, लाज वाटायचं कारण नाही.

पोरगी पंधराची आहे हे विसरायचं नाही, ही चूक मी दुसऱ्या ड्राफ्टमध्येही केली. तिला दहावी आहे, सकाळची शाळा आहे, एसटीचा पास आहे, मैत्रीण दोन दिवस बोलली नाही त्याचं दुःख तापापेक्षा मोठं आहे. निर्णय तिने घ्यायचा, सरांनी किंवा शहरातून आलेल्या कुठल्या शास्त्रज्ञाने नाही. किती लिटर, कुणाला, आणि नाही कधी म्हणायचं. मोठ्या मायला नाही म्हणायचं ते प्रकरण मी सात वेळा लिहिलंय आणि अजून मनासारखं झालेलं नाही.

पूर्ण झालं की चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला प्रिंट काढून द्या, मोबाईलवर पाठवू नका, आणि शेजारी बसून बघा कुठल्या पानावर ते मोबाईल उचलतात. त्या पानाला खूण करा. भाचीने माझ्या नव्या ड्राफ्टमध्ये सदतिसाव्या पानावर उचलला, तिथे मी दीड पान शक्तीचं शास्त्र समजावत बसलो होतो, ते काढलं आणि त्या जागी नायिकेने तीन लिटर थंड करून मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टेकवलं एवढंच ठेवलं.