लॉगमधली ती विचित्र अक्षरं

ऐरोलीच्या ऑफिसात आमच्या राउटरच्या कर्नल मॉड्यूलचा (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणाऱ्या आमच्या कोडचा) लॉग वाचताना मध्येच अगम्य अक्षरं दिसायची. रोज नाही, कधीतरीच. म्हणून दोन आठवडे आम्ही लॉग वाहून आणणाऱ्या सीरियल केबललाच दोष दिला.

शेवटी मॉड्यूल एक्स८६ (नेहमीच्या पीसीचा प्रोसेसर) च्या व्हर्च्युअल मशीनवर नेलं आणि केएमसॅन, म्हणजे काही न लिहिताच वाचलेली मेमरी पकडणारं कर्नलचं साधन, चालू करून कर्नल बिल्ड केला. (क्लँग हा कंपायलर लागतो आणि मशीन अक्षरशः रांगतं, पण धीर धरावा.) पहिल्याच आयपीव्ही६ (नव्या, लांब इंटरनेट पत्त्यांच्या) पॅकेटला केएमसॅननं नेमकी ओळ दाखवली. स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) पत्ता अक्षरांत लिहायला ४८ बाइटचा बफर, म्हणजे राखीव जागा, होती. आयपीव्ही४ (जुन्या पत्त्यांचं) पॅकेट आलं की त्यात पत्ता लिहिला जायचा. दुसरं काही आलं की कोड स्विच स्टेटमेंटमधून बफरला हात न लावता तसाच बाहेर, आणि प्रिंटके (कर्नलचं लॉगमध्ये छापणारं फंक्शन) शून्य बाइट सापडेपर्यंत छापत सुटायचं. म्हणजे स्टॅकवर आधी उरलेलं काहीही, कदाचित कर्नलचे पत्तेसुद्धा, लॉगमध्ये! हे मला फार खुपलं, कारण तोच लॉग ग्राहक आम्हाला मेलने पाठवतात.

आधी बफर डिक्लेअर करतानाच शून्य केला. मग वाटलं, तो हवाच कशाला? प्रिंटकेला टक्का-पीआय-फोर (%pI4) आणि टक्का-पीआय-सिक्स-सी (%pI6c) हे छपाईचे संकेत दिले की पत्ता थेट छापला जातो. बफरच काढून टाकला. रात्रभर दोन्ही प्रकारचं ट्रॅफिक सोडलं. सकाळी केएमसॅन गप्प, लॉग स्वच्छ.