आजचे शुभवर्तमान दिवसभर जगण्यासाठी

मिस्सेमध्ये (कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासनेत) शुभवर्तमानाचे, म्हणजे बायबलमधील येशूच्या जीवन व शिकवणीच्या वृत्तांताचे, वाचन सुरू होण्यापूर्वी आपण अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर क्रुसाची लहान खूण करतो. ही कृती लहानपणापासून इतकी अंगवळणी पडलेली असते की, जे ऐकू ते बुद्धीने समजून घ्यावे, मुखाने सांगावे आणि अंतःकरणात जपावे, ही त्यातील मागणी सहसा ध्यानात येत नाही. रविवारी मान्य केलेली ही मागणी सोमवारच्या धावपळीत कशी पाळावी, याची एक साधी पद्धत येथे मांडली आहे.

प्रथम उतारा कोणता घ्यावा, हे ठरवावे. बायबल कोठेही उघडावे आणि नजर पडेल त्या ओळीतून देवाचा कौल मागावा, ही सवय अनेक भाविक घरांत आहे. ती मोडलेली बरी. ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, प्रत्येक दिवसासाठी शुभवर्तमानाचा उतारा नेमून दिलेला आहे, तोच घ्यावा. कॅथलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन या धर्मपरिषदेनंतर 1969 मध्ये आलेल्या वाचनक्रमानुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: ‘अ’ वर्षी मुख्यतः मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क आणि ‘क’ वर्षी लूक. योहानाचे शुभवर्तमान विशेषतः ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि ईस्टरपासूनच्या पुनरुत्थानकाळात वाचले जाते. अशा विशेष काळांव्यतिरिक्तच्या सामान्यकाळातील इतर वारी मात्र दरवर्षी आधी मार्क, मग मत्तय आणि शेवटी लूक असा क्रम असतो. नेमलेल्या उताऱ्याचा मोठा लाभ असा की, तो आपल्या आवडीनिवडीला विचारत नाही. आपणहून निवड करू लागलो, तर सांत्वनाची वचने पुन्हा पुन्हा वाचली जातात आणि पैसा, क्षमा, शत्रू यांविषयीची वचने सोयीस्करपणे मागे राहतात.

वेळेबाबत फार काटेकोर होण्याचे कारण नाही. पहाटे घर उठण्यापूर्वीची दहा-पंधरा मिनिटे उत्तम. परंतु वसई-विरारहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्याने गाडीत मोबाइलवर उतारा वाचला, तरी तो कमी प्रतीचा ठरत नाही. इतर संदेश पाहण्यापूर्वी वाचावा, एवढे पथ्य मात्र पाळावे.

वाचन कसे करावे, याची जुनी वाट बाराव्या शतकातील कार्थुसियन संघाचा संन्यासी दुसरा गुइगो याने चार पायऱ्यांत मांडली: वाचन, मनन, प्रार्थना आणि ईश्वरसान्निध्यातील स्तब्धता. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी देवाच्या शब्दाविषयीच्या 2010 सालच्या आवाहनपत्रात असे स्पष्ट केले की, ही प्रक्रिया कृतीपर्यंत पोहोचल्याशिवाय पूर्ण होत नाही. आपल्याकडे बहुतेकांचे चिंतन नेमके या शेवटच्या टप्प्यापाशी अडते, म्हणून पुढील उदाहरण त्याच दृष्टीने घेतले आहे.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायाच्या आरंभी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आहे. पवित्र आत्म्याला साहाय्य मागून तो सावकाश, शक्य तर पुटपुटत, दोनदा वाचावा. पहिल्या वाचनात केवळ घटना पाहावी: मालक पहाटे एक दिनार, म्हणजे एका दिवसाची मजुरी, ठरवून मजूर लावतो, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अगदी अकराव्या तासालाही (तास सूर्योदयापासून मोजलेले, म्हणजे दिवस मावळता मावळता) पुन्हा बाजारात जातो, संध्याकाळी सर्वांत शेवटी आलेल्यांना आधी मजुरी मिळते आणि तीही पुरी. मग उताऱ्याच्या आधीच्या ओळी पाहाव्यात. एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी शिष्य पेत्राने येशूला विचारलेले असते की, आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? दाखला त्या प्रश्नाला लागूनच येतो. म्हणजे हा दाखला प्रथम ऐकणारे लोक कोणी परके नव्हते, तर आपण बरेच काही केले आहे असे वाटणारे शिष्यच होते. संदर्भ पाहण्याचे हे दोन मिनिटांचे काम टाळले, की चिंतन भरकटते.

दुसऱ्या वाचनात एखादे वाक्य मनाला अडते का, ते पाहावे आणि तेथेच थांबावे. दिवसभर येथे रिकामे का उभे राहिलात, असे मालक विचारतो, तेव्हा मजूर उत्तर देतात की, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. शहरातल्या मजूर नाक्यावर सकाळी दहानंतरही हातात थापी किंवा रंगाचा ब्रश घेऊन उभी असलेली माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. ती माणसे आळशी नसतात. त्यांना त्या दिवशी कोणी बोलावलेले नसते, इतकेच. शिवाय मालक संध्याकाळीच मजुरी देतो, यालाही आधार आहे: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी आज्ञा बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आहे.

येथे एक मोह सांभाळावा लागतो. वाचता वाचता आपल्याला शेजारी, जाऊ, कार्यालयातील सहकारी किंवा प्रत्यक्ष धर्मगुरू आठवू लागतात आणि हे वचन त्यांना किती चपखल लागू पडते, असे वाटते. तसे वाटू लागताच उतारा पुन्हा सुरुवातीपासून वाचावा आणि मी यातील कोण, हा प्रश्न स्वतःला विचारावा. मी कदाचित पहाटे आलेला, उन्हातान्हात राबलेला आणि म्हणून दुसऱ्याच्या दिनाराकडे पाहून कुरकुरणारा मजूर असेन. जे आढळेल ते देवाला साध्या घरगुती भाषेत सांगावे. ती प्रार्थना झाली. नंतर काही क्षण काहीही न बोलता बसावे. या शांततेत विशेष काही जाणवले नाही, तरी बिघडत नाही.

त्यानंतर कृती ठरवावी. “आज मी उदार होईन” हा निश्चय निरुपयोगी आहे, कारण तो पाळला की मोडला हे रात्री सांगताच येत नाही. कृतीला माणूस, काम आणि वेळ असली पाहिजे: घरकाम करणाऱ्या मावशींचा महिन्याचा पगार “उद्या देते” म्हणून लांबला आहे, तो आज दुपारपूर्वी द्यायचा, नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला आपल्याइतकीच वाढ मिळाली, त्याविषयी जेवणाच्या सुट्टीत टोमणा मारायचा नाही, उलट अभिनंदन करायचे. कृती लहान असावी आणि एकच असावी. पाच निश्चय करणाऱ्याच्या हातून बहुधा एकही होत नाही.

रात्री झोपण्यापूर्वी या कृतीचा हिशेब द्यावा. संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेले आत्मपरीक्षण यासाठी पुरेसे आहे: दिवसाबद्दल आभार मानावे, प्रकाश मागावा, दिवसाचे प्रसंग क्रमाने पाहावे, चुकांची क्षमा मागावी आणि उद्यासाठी संकल्प करावा. आभार प्रथम येतात, हा क्रम बदलू नये. अन्यथा आत्मपरीक्षणाचे रूपांतर स्वतःला बोल लावण्यात होते. तीच चूक पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर ती पुढच्या वेळी प्रायश्चित्त संस्कारात (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देताना) नेमक्या शब्दांत मांडता येते.

कुटुंबात ही पद्धत आणायची असेल, तर संध्याकाळच्या रोजरीला (मण्यांच्या माळेवर म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेला) जोडून आणावी. रोजरीची रहस्ये, म्हणजे प्रार्थना म्हणताना मनात आणायचे येशू व मरिया यांच्या जीवनातील प्रसंग, हेच मुळात बहुतांशी शुभवर्तमानाचे चिंतन आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडलेल्या प्रकाशाच्या रहस्यांत येशूचे जाहीर सेवाकार्यही आले. शनिवारी रोजरीनंतर एकाने दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान वाचावे आणि प्रत्येकाने आपल्याला थांबवणारे एक वाक्य केवळ म्हणून दाखवावे. वडीलधाऱ्यांनी त्यावर लगेच प्रवचन सुरू करू नये. मुलांनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर रविवारी मिस्सेनंतर तो त्यांनाच फादरांना विचारू द्यावा.