फ्लॅटमध्ये कोणती खोली कोणाची? या चुका टाळा

जून-जुलैत पुण्यात कर्वेनगर, कोथरूड, धनकवडी भागात विद्यार्थ्यांची फ्लॅटसाठी धावपळ सुरू होते आणि फ्लॅट मिळाला की पहिली कुरबुर बेडरूमवरून. आमचा एक मित्र आम्ही राहायला जायच्या आदल्या रात्रीच सोलापूरहून आला, मास्टर बेडरूममध्ये गादी टाकली आणि खोली त्याची झाली. भाडं मात्र तिघांना सारखं. तेव्हा आम्ही दोघं गप्प बसलो, पण तो राग पुढे गॅस सिलेंडर, लाइट बिल, भांडी, प्रत्येक हिशेबात निघत राहिला.

‘आधी येईल त्याची खोली’ हे मान्यच करू नका. चिठ्ठ्या टाकणं त्यापेक्षा बरं, पण भाडं सारखंच ठेवलं तर छोट्या खोलीतल्याला वर्षभर वाटतं, दुसऱ्याच्या अटॅच्ड बाथरूमचे पैसे मी भरतोय. म्हणून आधी खोलीची किंमत ठरवा, माणूस नंतर.

समजा दोघं आहात, भाडं २०,०००. एकमेकांना न दाखवता दोन्ही खोल्यांचं भाडं कागदावर लिहा. बेरीज २०,०००च यायला हवी. एकाने मोठीला १२,००० आणि छोटीला ८,००० लिहिले, दुसऱ्याने ११,००० आणि ९,०००. मोठीला जास्त लिहिले म्हणून मोठी खोली पहिल्याची, भाडं दोघांच्या आकड्यांच्या मधलं, म्हणजे ११,५००. दुसऱ्याला छोटी ८,५००ला. दोघांनाही खोली स्वतःच्या अंदाजापेक्षा ५००ने स्वस्त पडली! आकडे सारखेच आले, तर मात्र खुशाल चिठ्ठी टाका. माणसं जास्त असली तरी, काही साध्या अटींवर, कोणालाच दुसऱ्याच्या खोलीचा हेवा वाटणार नाही अशी भाड्याची वाटणी निघते, हे गणितज्ञ फ्रान्सिस सू यांनी १९९९मध्ये मांडलं.

आकडे लिहिण्याआधी खोल्या दुपारीही बघा. पावसाळ्यात पश्चिमेची खोली छान हवेशीर वाटते. एप्रिलमध्ये, नेमकी परीक्षा तोंडावर असताना, तीच भिंत दुपारभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहते. भिंतीला ओल आहे का, खिडकी रस्त्यावर उघडते का, तेही बघून घ्या.

हॉलमध्ये झोपणाऱ्याला विसरू नका. त्याला दार नाही, पाहुणे आले की त्यालाच उठावं लागतं. त्याचं भाडं सगळ्यांत कमी हवं.

‘सहा महिन्यांनी खोल्या बदलू’ असं नुसतं बोलून ठेवलं तर कोणी बदलत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरची तारीख ठरवा आणि कोण किती भरणार हे सामान हलवण्याआधी ग्रुपवर लिहून सगळ्यांचा होकार घ्या.