संघीय गृहनिर्माण निधीवर शहराने देखरेख कशी ठेवावी

अमेरिकेतील महानगर क्षेत्रांच्या मुख्य शहरांना, तसेच ५०,००० किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांना, संघीय सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास विभागाकडून, म्हणजे ‘हड’कडून, दरवर्षी थेट अनुदान मिळते. १९७४ च्या कायद्याने सुरू झालेले कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, अर्थात सीडीबीजी, हे त्यांतले सर्वांत परिचित. १९९० च्या कायद्यातून आलेला ‘होम’ कार्यक्रम खास परवडणाऱ्या घरांसाठी आहे. यातील बरीच रक्कम स्वयंसेवी संस्था आणि बांधकाम विकासक यांच्यामार्फत खर्च होते, तरी उत्तरदायित्व शहराचेच राहते. संस्थेच्या चुकीमुळे एखादा खर्च नामंजूर झाला, तर तेवढी रक्कम शहराला बिगर-संघीय निधीतून भरून द्यावी लागते. म्हणून देखरेखीची सुरुवात संस्थेचा अर्ज हाती येतो त्याच दिवशी व्हायला हवी.

वर्षाचे वेळापत्रक आधी भिंतीवर लावावे. तीन ते पाच वर्षांचा एकत्रित आराखडा, त्यानुसार दरवर्षीचा कृती आराखडा, आणि वर्ष संपल्यावर ९० दिवसांच्या आत कामगिरीचा अहवाल, असा हा क्रम आहे. कृती आराखड्याच्या मसुद्यावर नागरिकांना मत देण्यासाठी किमान ३० दिवस आणि अहवालावर किमान १५ दिवस द्यावे लागतात. शिवाय वर्षातून किमान दोन जनसुनावण्या घ्याव्या लागतात.

सीडीबीजीच्या प्रत्येक अर्जाला दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत. पहिला, हे काम नियमांतील पात्र कामांत बसते का? दुसरा, ते तीन राष्ट्रीय उद्दिष्टांपैकी एखादे साधते का: अल्प व मध्यम उत्पन्न गटाचा लाभ, बकालपणाचे निवारण किंवा तातडीची गरज? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की दुसरा गृहीत धरण्याची सवय घातक आहे. रस्ता दुरुस्ती पात्र असते, परंतु ज्या वस्तीला तिचा लाभ मिळणार तेथील सामान्यतः किमान ५१ टक्के रहिवासी त्या उत्पन्न गटातील असल्याचा पुरावा फायलीत नसेल, तर तो खर्च टिकत नाही. निधीचा किमान ७० टक्के भाग याच गटाच्या लाभासाठी वापरावा लागतो. सार्वजनिक सेवांवर १५ टक्क्यांची आणि नियोजन व प्रशासनावर २० टक्क्यांची कमाल मर्यादा असते.

यानंतर पर्यावरणीय पुनरावलोकन. ते करण्याची कायदेशीर जबाबदारी शहराने स्वतःकडे घेतलेली असते, आणि ते पूर्ण होईपर्यंत जागा खरेदी करणे, इमारत पाडणे किंवा काम सुरू करणे यांपैकी काहीही करता येत नाही. संस्थेने हे स्वतःच्या पैशांतून केले तरीही प्रकल्पाची पात्रता धोक्यात येते. ही सूचना अर्ज स्वीकारतानाच संस्थेला लेखी द्यावी. उत्साहाच्या भरात आठवडाभर आधी झालेला जमिनीचा व्यवहार नंतर कोणत्याही कागदाने दुरुस्त करता येत नाही.

करारावर सही होण्यापूर्वी संस्थेच्या जोखमीचे मूल्यमापन करावे. पूर्वीचा अनुभव, लेखापरीक्षणातील आक्षेप, नव्याने आलेले कर्मचारी किंवा बदललेली हिशेबपद्धती यांवरून कोणाला वर्षातून अनेकदा भेट द्यायची आणि कोणाची कागदपत्रे कार्यालयातून तपासली तरी चालेल, हे ठरते. नव्या, लहान संस्थेला जोखमीची म्हणून बाजूला सारू नये. गरजू कुटुंबांपर्यंत पोहोचणारे लोक बहुधा तिच्याकडेच असतात, म्हणून तिला करारापूर्वीच प्रशिक्षण द्यावे.

खरी कसोटी प्रतिपूर्तीच्या बिलांत लागते. केवळ एकूण आकडा पाहून बिल मंजूर करू नये. प्रत्येक रकमेमागे पावती, करारातील तरतूद आणि त्या कालावधीत झालेले काम दिसले पाहिजे. सर्वांत सामान्य दोष पगारात आढळतो: अंदाजपत्रकात एखाद्या कर्मचाऱ्याचा ४० टक्के वेळ दाखवलेला असतो आणि दरमहा तेवढाच पगार निमूटपणे मागितला जातो. अंदाजपत्रकातील टक्केवारी हा पुरावा होत नाही. प्रत्यक्ष कामाची नोंद लागते. भेटीच्या वेळी लाभार्थ्यांच्या काही फायली स्वतः निवडाव्यात, कुटुंबाचे उत्पन्न नव्याने मोजावे, आणि ‘हड’ने त्या वर्षासाठी त्या भागात, तितक्या सदस्यांच्या कुटुंबाला लावलेल्या मर्यादेशी ते ताडून पाहावे. भेटीनंतरच्या पत्रात नियमभंग आणि केवळ सुधारणेची गरज हे वेगळे लिहावे, आणि प्रत्येक नियमभंगापुढे दुरुस्तीची तारीख द्यावी. तारीख नसलेले पत्र संस्थेच्या कपाटातच राहते.

शहराने स्वतःकडेही पाहावे. कार्यक्रम-वर्ष संपण्याच्या ६० दिवस आधी सीडीबीजीची न वापरलेली शिल्लक वार्षिक अनुदानाच्या दीडपटीहून जास्त असेल, तर निधी वेळेत वापरला नाही असा ठपका येतो. रेंगाळलेले प्रकल्प सहा महिने आधीच ओळखून त्यांचा निधी तयार प्रकल्पांकडे वळवावा. अर्थात त्यासाठी लागणारी जनसूचना टाळू नये.

‘होम’च्या निधीतून बांधलेल्या भाड्याच्या नव्या इमारतीवर परवडणाऱ्या भाड्याचे बंधन २० वर्षे राहते. काम पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत आणि त्यानंतर किमान दर तीन वर्षांनी शहराला जागेवर तपासणी करावी लागते. या तारखा एका प्रकल्प-अधिकाऱ्याच्या संगणकात न ठेवता विभागाच्या सामायिक नोंदवहीत ठेवाव्यात, कारण २० वर्षांत तो अधिकारी निवृत्त झालेला असेल आणि भाडेकरू तिथेच राहत असतील.