बीटा लिनक्स टाकताय? या चुका टाळा

उबंटू किंवा फेडोरा या लिनक्स सिस्टिमची नवी आवृत्ती येण्याच्या काही आठवडे आधी तिची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, मिळते, आणि ती बघून हात शिवशिवतातच. जरूर टाका. फक्त उद्याचं काम ज्या लॅपटॉपवर अवलंबून आहे, तो यातून बाहेर ठेवा.

"वेगळं पार्टिशन केलंय की" हे उत्तर नेहमी ऐकायला मिळतं. पण बीटामध्ये इन्स्टॉलरही कच्चाच असतो, आणि पार्टिशनची कापाकापी तोच करतो. वर ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइल्स असतात तो भाग) बहुधा दोन्ही सिस्टिममध्ये एकच असतं. बाहेरच्या एसएसडीवर टाकतानाही बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) गुपचूप आतल्या डिस्कवर जाऊन बसू शकतो, म्हणून बूटलोडर कुठे जाणार ते इन्स्टॉलरमध्ये नीट वाचा. जमत असेल तर आतली डिस्क तेवढ्यापुरती काढूनच ठेवा. शेजारी विंडोज असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून घ्या. सिक्युअर बूटची (फक्त खात्रीच्या सिस्टिमच सुरू होऊ देणाऱ्या सोयीची) सेटिंग बदलली की विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा शोधायला घेतली तर उशीर झालेला असतो.

"फार तर फॉरमॅट करू" या भरवशावरही राहू नका. २००८ साली लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये असा दोष होता की इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांच्या मेमरीतला मजकूरच बिघडायचा आणि कार्ड निकामी व्हायचं. तिथे फॉरमॅट काय करणार? असे प्रसंग विरळाच, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरमध्ये) हा धोका जवळजवळ उरत नाही. म्हणून पहिली ओळख तिथेच करून घ्यावी. वायफाय, ग्राफिक्स, झाकण मिटल्यावर झोपणं आणि पुन्हा जागं होणं हे मात्र तिथे कळत नाही. त्यासाठी पुढची पायरी लाइव्ह पेनड्राइव्हची, म्हणजे इन्स्टॉल न करता सिस्टिम थेट चालवणाऱ्या पेनड्राइव्हची.

पेनड्राइव्ह बनवताना दोन चुका ठरलेल्या. आयएसओचा (उतरवून घेतलेल्या सिस्टिमच्या फाइलचा) एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा, न तपासणं, आणि मग अर्धवट उतरलेल्या फाइलचं खापर बीटावर फोडणं. दुसरी चूक महागातली: भलत्याच डिस्कवर इमेज लिहिणं. डिस्कचं नाव नव्हे, आकार बघा, आणि बॅकअपची हार्ड डिस्क आधी उपटून ठेवा.

काळा पडदा आला की बहुतेक जण थेट पुन्हा इन्स्टॉल करायला धावतात. बऱ्याचदा कर्नल नवा येतो आणि एनव्हिडियाचं ड्रायव्हर मॉड्यूल त्याच्यासाठी तयारच होत नाही, एवढंच झालेलं असतं. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब या बूटलोडरचा मेनू आणा आणि आधीचा कर्नल निवडून बघा. नाहीच जमलं तर त्याच मेनूत कर्नलच्या ओळीला 'नोमोडसेट' (ग्राफिक्स साध्या पद्धतीने चालवणारा) हा पर्याय जोडा, किंवा कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा. सिस्टिम बहुधा जिवंत असते, दिसत नसते इतकंच.

डेबियन या लिनक्सच्या टेस्टिंग किंवा सिड या सतत बदलत्या शाखा वापरणाऱ्यांचा घात 'वाय' ही कळ करते. फुल-अपग्रेड ही आज्ञा दिल्यावर ॲप्ट (डेबियनचं पॅकेज सांभाळणारं साधन) कोणती पॅकेजं काढणार त्याची यादी दाखवतं. ती न वाचता होकार दिला की अख्खा डेस्कटॉप उडाल्याचं नंतर कळतं. यादीत ग्नोम किंवा केडीई या डेस्कटॉपचे मुख्य भाग दिसले तर नकार द्या आणि काही दिवस थांबा. अवलंबून असलेली पॅकेजं मागाहून येतात आणि गाठ आपोआप सुटते.

आणि या मशीनवर बँकेचे पासवर्ड, कामाच्या एसएसएच कीज (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या किल्ल्या) ठेवू नका. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरनी एक्सझेड या फाइल-कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये लपवलेलं मागचं दार उघडकीला आणलं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेतून ते सापडलं. डेबियन सिड आणि टेस्टिंग, फेडोरा रॉहाइड, ओपनसुसे टम्बलवीड या सतत बदलत्या आवृत्त्यांत त्या आवृत्त्या पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नव्हत्या. उबंटू २४.०४ ची बीटा त्यापायी ४ एप्रिलवरून ११ एप्रिलवर गेली. बीटा टाकून महिनाभर अपडेटच न करणारे अशा वेळी उघड्यावर राहतात.

बग कळवताना "वायफाय चालत नाही" एवढ्यावर थांबू नका. कार्डाचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि जर्नलसीटीएल (सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) मधला मागच्या बूटचा लॉग द्या. "जुन्या कर्नलवर चालतं" ही एक ओळ तर डेव्हलपरचा बराच वेळ वाचवते, कारण मग दोष कुठल्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये शिरला ते शोधता येतं.

अंतिम आवृत्ती आल्यावर पुन्हा इन्स्टॉल करायची गरज सहसा नसते. नेहमीची अपडेट्स घेत राहिलात की बीटाची तीच होते. फेडोरावर काही पॅकेजं पुढे निघून गेलेली असतील तर डीएनएफ या पॅकेज साधनाचं डिस्ट्रो-सिंक (सगळी पॅकेजं अधिकृत आवृत्तीवर आणणारी आज्ञा) चालवा. रॉहाइड किंवा सिडवर असाल तर गोष्ट वेगळी. तिथे अंतिम आवृत्ती नसतेच, आणि खाली स्थिर आवृत्तीवर उतरायचं तर नव्यानेच टाकावं लागतं.