नेटबॉलची पंचगिरी: हातांआधी पाय पाहा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शालेय स्पर्धांमध्ये मी बरीच वर्षे नेटबॉलची, म्हणजे चेंडू हातांनी पास करीत उंच रिंगमध्ये टाकण्याच्या सात-सात जणींच्या खेळाची, पंच म्हणून काम करीत आहे. नव्या पंचांना मैदानावर उतरण्यापूर्वी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला असा, की सुरुवातीच्या पाच मिनिटांत कडक शिट्ट्या वाजवाव्यात, म्हणजे सामना हातात राहतो. दुसरा असा, की बचाव करणाऱ्या मुलीचा हात चेंडूकडे पुढे आलेला दिसला की अडथळा द्यावा, म्हणजे तिला दोषी ठरवावे. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा तर घातक आहे, कारण त्यामुळे उत्तम बचाव करणाऱ्या मुलीलाच शिक्षा होते. नेटबॉलचे बहुतेक निर्णय जमिनीवर, पायांपाशी ठरतात, आणि ज्या पंचाची नजर चेंडूबरोबर हवेत फिरत राहते त्याला ते दिसत नाहीत.

नियमपुस्तिका वाचलेली आहे, शिट्टी मोठ्या आवाजाची आहे, खेळाडूंची नखे कापलेली असून बांगड्या, पैंजण आणि कानातले उतरवलेले आहेत, हे सर्व मी गृहीत धरते. मैदान मात्र स्वतः मोजून घ्यावे. कोर्ट 30.5 मीटर लांब व 15.25 मीटर रुंद असते, त्याचे आडव्या रेषांनी तीन समान भाग (थर्ड) केलेले असतात आणि दोन्ही टोकांना 4.9 मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळाकार गोल सर्कल असते. आपल्याकडे शाळेच्या मैदानाला बहुधा चिऱ्यांचा गडगा असतो, आणि जागा वाचवण्यासाठी बाजूची रेषा अगदी त्या गडग्याला लागून आखली जाते. तसे दिसल्यास सामना सुरू करू नये, रेषा आत सरकवून घ्यावी. रेषेबाहेर सुमारे तीन मीटर मोकळी जागा नसेल तर धावत येणारी मुलगी दगडावर आपटते, आणि पंचाला रेषेबाहेरून पळायलाही वाट उरत नाही.

उभे कुठे राहायचे हे सोपे आहे. पंच दोन असतात आणि ते समोरासमोरच्या बाजूच्या रेषांबाहेर असतात. कोर्टाकडे तोंड करून उभे राहिल्यावर आपल्या उजव्या हाताचा अर्धा भाग आपला. त्याशिवाय आपल्या बाजूची संपूर्ण रेषा आणि आपल्या टोकाची गोलरेषा याही आपल्या. सहकारी पंचाच्या अर्ध्यात आपल्याला काही दिसले तरी शिट्टी वाजवू नये. त्याने विचारले तरच सांगावे. चेंडू आपल्या गोलकडे वळताच त्याच्या पुढे पळत गोलरेषेपर्यंत जावे आणि रेषेच्या कोपऱ्यावरून सर्कलमध्ये पाहावे. मध्यरेषेपाशी उभे राहून सर्कलमधील अंतर कोणालाही ठरवता येत नाही. दुपारी समुद्राकडून खारे वारे सुटले की वाऱ्याविरुद्धच्या टोकाला शिट्टी क्षीण ऐकू येते, म्हणून तेथे शिट्टी दीर्घ वाजवावी आणि हाताची खूण ठळक करावी.

सेंटर पासविषयी, म्हणजे कोर्टाच्या मध्यातून खेळ सुरू करणाऱ्या पासविषयी, बास्केटबॉलहून आलेल्या पंचांची एक चूक ठरलेली असते: गोल ज्यांच्यावर झाला त्यांना ते चेंडू देतात. नेटबॉलमध्ये गोल कोणीही केला तरी सेंटर पास दोन्ही संघांना आळीपाळीने मिळतो. त्यामुळे पुढचा पास कोणाचा, याची नोंद गुणलेखकाबरोबर पंचाच्या मनातही हवी. शिट्टी होईपर्यंत दोन्ही संघांच्या सेंटर खेळाडू वगळता बाकी सर्व खेळाडू आपापल्या गोल थर्डमध्येच असावेत आणि तो पास मधल्या भागातच झेलला अथवा स्पर्शला गेला पाहिजे.

ऑफसाइड (खेळाडूने आपल्याला नेमून दिलेल्या भागाबाहेर जाणे), चेंडू कोर्टबाहेर जाणे आणि गोल ग्राह्य आहे की नाही, या तिन्ही गोष्टी बहुतांशी पायांवरून ठरतात. विंग अटॅकचे (हिला गोल सर्कलमध्ये जाण्याची मुभा नसते) पाय गोल सर्कलबाहेर असतील आणि ती आत जमिनीला न टेकता वाकून चेंडू घेत असेल, तर ती ऑफसाइड नाही. रेषेवर पाय असेल तर ती रेषा दोन्ही भागांची मानली जाते. गोल फक्त गोल शूटर आणि गोल अटॅक यांनाच करता येतो, तोही संपूर्णपणे सर्कलच्या आत असतानाच. चेंडू हातात आल्यावर तीन सेकंदांत सोडावा लागतो. एखादा पूर्ण थर्ड ओलांडून, तेथे कोणीही न स्पर्शता, चेंडू फेकता येत नाही. चेंडू कोर्टबाहेर गेल्यास थ्रो-इन, तर बाकीच्या या सर्व चुकांना प्रतिस्पर्धी संघाला फ्री पास मिळतो आणि या निर्णयांत नवा पंच दोन-तीन सामन्यांत तरबेज होतो.

फूटवर्कला थोडा अधिक वेळ लागतो. झेल घेताना जो पाय आधी जमिनीला लागतो तो लँडिंग पाय. दुसरा पाय कुठेही टाकता येतो, लँडिंग पाय उचलताही येतो, पण तो पुन्हा जमिनीवर टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे. तोच पाय फरफटवणे किंवा त्यावर लंगडी घालणेही चालत नाही. दोन्ही पाय एकाच वेळी टेकले असतील तर खेळाडूला कोणताही एक पाय उचलण्याची मुभा असते, आणि मग जमिनीवर राहिलेला दुसरा पाय लँडिंग पाय मानला जातो. आपली तांबडी माती पंचाला येथे मदत करते, कारण फरफटलेल्या पायाचा ओरखडा त्या मातीत स्पष्ट उमटतो. खो-खो खेळलेल्या मुली एका पायावर इतक्या सुंदर थांबतात, की त्यांच्याकडे पाहूनच नव्या पंचांनी लँडिंग पाय ओळखण्याचा सराव करावा.

आता ज्या एका गोष्टीत मी स्वतः फसले तिच्याकडे येते. ती म्हणजे ऑब्स्ट्रक्शन किंवा अडथळा, अर्थात 0.9 मीटर किंवा तीन फुटांचा नियम.

सिंधुदुर्गातील एका तालुक्याच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते. गोल शूटरने चेंडू डोक्यावर धरला होता आणि समोरची उंच गोल कीपर, म्हणजे गोलपाशी बचाव करणारी मुलगी, पूर्ण पुढे झुकून, दोन्ही हात लांबवून, चेंडूपासून जेमतेम वीतभर अंतरावर बोटे नेऊन उभी होती. मला ते हात दिसले आणि मी शिट्टी वाजवली. पेनल्टीवर गोल झाला आणि त्या मुलीचा संघ हरला. सामना संपल्यावर ती हुज्जत न घालता मला सर्कलमध्ये घेऊन गेली. मातीत दोघींच्या बुटांचे ठसे तसेच होते. शूटरच्या ठशापासून स्वतःच्या ठशापर्यंत तिने टाचेला चवडा लावत पावले टाकली, आणि चार पावले पूर्ण बसली. अंतर तीन फुटांहून जास्त होते. तिचा बचाव निर्दोष होता आणि मी तो गुन्हा ठरवला होता. त्या दिवसापासून मी हातांवरून अडथळा दिलेला नाही.

नियम असा आहे, की चेंडू ज्या खेळाडूकडे आहे तिचा बचाव करताना किमान 0.9 मीटर अंतर राखावे लागते, आणि हे अंतर जमिनीवर मोजले जाते. ते चेंडूधारी खेळाडूच्या लँडिंग पायापासून बचाव करणाऱ्या खेळाडूच्या जवळच्या पायापर्यंत धरतात. हात किती पुढे आले, धड किती झुकले, बोटे चेंडूजवळ पोहोचली काय, याचा या मोजणीशी काहीही संबंध नाही. बारकावे मात्र जपावे लागतात. लँडिंग पाय उचलला गेला असेल तर तो जेथून उचलला गेला त्या जागेपासून मोजायचे. दोन्ही पाय एकाच वेळी टेकले असून जमिनीवरच असतील तर बचावपटूला जो पाय जवळ असेल त्यापासून मोजायचे. आणि शूटर स्वतःच एक पाऊल पुढे टाकून गोल कीपरजवळ गेली असेल, तर अंतर कमी झाले ते शूटरमुळे, म्हणून गोल कीपरला दोष देता येत नाही. या शेवटच्या प्रसंगात नवे पंच सर्वाधिक चुकतात, कारण शिट्टी वाजवण्याच्या क्षणी दोघी एकमेकींजवळ दिसतात आणि शूटर आधी कुठे उतरली होती हे पंचाने पाहिलेलेच नसते.

म्हणून माझा आग्रह आहे की पाहण्याचा क्रम बदलावा. चेंडू हवेत असतानाच नजर खाली आणावी, तो झेलणाऱ्या मुलीचा पाय टेकला ती जागा मनात पक्की करावी, मग बचाव करणारीचा जवळचा पाय पाहावा आणि त्यानंतरच वर हातांकडे जावे. हा क्रम अंगवळणी पडण्यासाठी मी 90 सेंटिमीटरचा सुंभ कापून त्याच्या दोन्ही टोकांना गाठी मारल्या आणि सरावाच्या वेळी मुलींना उभे करून, आधी अंदाज सांगून, मग सुंभ जमिनीवर ठेवून पाहू लागले. पहिल्या आठवड्यात माझा अंदाज बहुतेक वेळा अर्ध्या फुटाने चुकत होता, आणि तो नेहमी बचावपटूच्या विरोधातच चुकत होता. उंच आणि लांब हातांची मुलगी आहे त्यापेक्षा जवळ भासते. ज्यांना पंच व्हायचे आहे त्यांनी हा सराव केल्याशिवाय शिट्टी हातात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

यात दोन प्रसंग विशेष जपून हाताळावेत. पहिला उडीचा. योग्य अंतरावरून बचावपटूने उडी मारून चेंडू अडवण्याचा प्रयत्न करणे वैध आहे, परंतु ती तीन फुटांच्या आत उतरली आणि तिच्यामुळे फेकण्याची किंवा शॉटची क्रिया बिघडली, तर तो अडथळा होतो. चेंडू आधीच हातातून सुटला असेल तर बिघडण्यासारखे काही उरत नाही. दुसरा प्रसंग, बचावपटू अंतराच्या आत आहे पण हात खाली ठेवून मागे सरकते आहे. ती चेंडू अडवत नसेल आणि फेकण्यात व्यत्ययही आणत नसेल, तर केवळ जवळ असल्याबद्दल तिला शिक्षा देऊ नये. आणि चेंडू नसलेल्या खेळाडूचा बचाव करताना तीन फुटांच्या आत हात शरीरापासून पसरून वाट अडवली, तर तोही अडथळाच असतो. कबड्डी खेळलेल्या मुलींचे हात सवयीने असे पसरतात, म्हणून त्यांच्या प्रशिक्षकांना हे आधीच सांगून ठेवावे.

अंगस्पर्श हा वेगळा नियम आहे आणि तेथे हात पाहावेच लागतात. चुकून झालेला असो वा मुद्दाम, ज्या स्पर्शाने प्रतिस्पर्ध्याच्या खेळात व्यत्यय येतो तो दोषार्ह ठरतो.

अडथळा आणि स्पर्श या दोन्हींसाठी पेनल्टी पास असतो, आणि सर्कलमध्ये शूटर किंवा गोल अटॅकला पास अथवा शॉट यांपैकी एक निवडता येतो. चूक करणारी खेळाडू जेथे होती तेथूनच तो घेतला जातो, मात्र त्या जागेमुळे समोरच्या संघाचे नुकसान होत असेल तर जागा बदलावी. पेनल्टी घेणारीच्या बाजूला, तिच्यापासून दूर, उभे राहणे दोषी खेळाडूवर बंधनकारक आहे आणि चेंडू सुटेपर्यंत तिने खेळात भाग घ्यायचा नाही. कुठे उभे राहायचे ते हाताने दाखवावे, नुसते नाव पुकारून थांबू नये.

शिट्टीने चूक करणाऱ्याचाच फायदा होणार असेल तर ती वाजवू नये. विंग डिफेन्स दोन फुटांवर आली, तरी विंग अटॅकने चेंडू मोकळ्या गोल अटॅककडे पोहोचवला, तर ॲडव्हान्टेजची खूण करून खेळ पुढे जाऊ द्यावा. येथे कडकपणा दाखवणारा पंच नकळत बचाव करणाऱ्या संघाला सावरायला वेळ देतो.

निर्णय देताना शिट्टी, कोणती चूक झाली तिचे नाव, शिक्षा आणि दिशा एवढेच सांगावे, कारणांचे भाषण करू नये. संघाच्या कर्णधाराला मध्यंतरात किंवा सामन्यानंतर नियमाविषयी खुलासा विचारण्याचा हक्क असतो. ती विचारायला आली की टाळू नये. शक्य असेल तर तिला त्या जागेवर न्यावे, लँडिंग पाय कुठे टेकला होता ते दाखवावे आणि तेथून जमिनीवर अंतर मोजून सांगावे.